प्लॅस्टिकला साखर कशी कळते?

प्रश्न : मधुमेहामुळे रोज बोट टोचून घेतो. प्लॅस्टिकचा ट्रान्झिस्टर साखर मोजतो असं वाचलं. प्लॅस्टिकला साखर कळते कशी?
– एक आजोबा, दांडिया बाजार, बडोदे

आजोबा, एकट्या प्लॅस्टिकला ती कळत नाही. पेडॉट-पीएसएस हा वीज वाहणारा पॉलिमर नुसता साखरेच्या पाण्यात ठेवला, तर तो ढिम्म राहतो. म्हणून ट्रान्झिस्टरच्या गेटवर, म्हणजे त्यातला प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या टोकावर, ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बसवतात. ते ग्लुकोजशी अभिक्रिया करतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. प्लॅटिनमच्या गेटवर पेरॉक्साइडचं विघटन झालं की द्रावणातले धन आयन पॉलिमरमध्ये शिरतात आणि त्यातला प्रवाह घटतो. गेटवर झालेला इवलासा बदल प्रवाहात मोठा होऊन दिसतो, तोही एका व्होल्टपेक्षा कमी दाबावर. मला याचंच सगळ्यात अप्रूप वाटतं. एन्झाइमची युक्ती मात्र जुनी, १९६२ सालची, क्लार्क आणि लायन्स यांची. तुमच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीतही एन्झाइमच असतं. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी तेवढी सोडू नका.

प्रश्न : अशाच ट्रान्झिस्टरच्या सोन्याच्या गेटवर ईडीसी-एनएचएसने (प्रथिनं जोडणाऱ्या रसायनांनी) अँटिबॉडी जोडली. बफरमध्ये (साध्या क्षारद्रावणात) सिग्नल छान येतो, सीरममध्ये (रक्तातल्या पेशी काढलेल्या द्रवात) सगळं बिघडतं.
– एमएस्सीची विद्यार्थिनी, सयाजीराव विद्यापीठ

आधी जोडणी तपासा. ट्रिस बफरमध्ये केली असेल तर ट्रिसचा अमाइन गटच अँटिबॉडीची जागा बळकावतो. एनएचएसचा एस्टर पाण्यात टिकत नाही, म्हणून द्रावण दर वेळी ताजं करा.

खरी अडचण पुढे आहे. रक्ताइतक्या खारट द्रावणात प्रभाराचा प्रभाव जेमतेम ०.७ नॅनोमीटरपर्यंत पोहोचतो आणि अँटिबॉडी असते साधारण १० नॅनोमीटरची. तिच्या टोकाला पकडलेला रेणू गेटला जाणवतच नाही. त्यात सीरममधलं अल्ब्युमिन हे प्रथिन मोकळ्या सोन्यावर चिकटतं, आणि तुम्हाला दिसतो तो बदल बहुधा त्याचा. नमुना शंभरपट पातळ केला तर ते अंतर दहापट वाढतं, पण शोधायचा रेणूही तितकाच विरळ होतो. अँटिबॉडीऐवजी छोटा अ‍ॅप्टामर (ठरावीक रेणू पकडणारा डीएनए-आरएनएचा तुकडा) घेऊन पाहा, मधल्या जागा पीईजी-थायॉलने (सोन्यावर बसून प्रथिनं दूर ठेवणाऱ्या रेणूने) भरा. आणि अँटिबॉडी नसलेला दुसरा गेट त्याच सीरममध्ये मोजा. तो आकडा शेजारी नसेल, तर कितीही सुंदर आलेख आला तरी मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : पेडॉटचा थर पाण्यात सुटून येतो.
– एम.ई.चा विद्यार्थी, कलाभवन

पेडॉटच्या द्रावणात साधारण १ टक्का गॉप्स (थर घट्ट बांधून ठेवणारं रसायन) मिसळा आणि थर १४० अंशांवर तासभर तापवा. याहून जास्त गॉप्स नको, थराची वहनक्षमता घटते.