काल होतो तो हात आज खंय गेलो?

"मॅडम, माझो हात गेलो."

कुडाळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसून त्यानं हे म्हटलं तेव्हा माझी नजर आपसूक त्याच्या मनगटाकडे गेली. प्लास्टर नव्हतं, सूज नव्हती. चोवीस वर्षांचा धडधाकट मुलगा, काजूच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. बाहेर आषाढाचा पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता आणि दाराशी त्याची आई ओली छत्री मिटून बसली होती. ती लेकाला 'झील' म्हणते. नाव द्यायचं नाही म्हणून लेखापुरतं मीही तेच म्हणते. लिहायला त्याची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

झील पूल खेळतो. स्टिकनं पांढरा बॉल मारायचा आणि त्यानं बाकीचे बॉल टेबलाच्या होलांत पाडायचे, तो खेळ. बाजारातल्या पार्लरमध्ये त्याच्यासमोर उभं राहायला मुलं कचरतात. गणपतीनंतर कोल्हापुरात स्पर्धा होती, प्रवेश फी भरून झाली होती, आणि नेमकं तेव्हाच हे सुरू झालं. सोमवारी सलग चार गेम काढायचे आणि मंगळवारी शेवटचा, आठ नंबरचा बॉल होलाच्या तोंडाशी असताना चुकवायचा. "काल होतो, आज नाय. असा कसा ओ?" आईनं मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढली होती, देवळात गाऱ्हाणं घातलं होतं. त्यात मी काही बोलले नाही. घरच्यांना काळजी आहे हे दाखवायची आपल्याकडची ती एक रीत आहे, आणि आपल्यासाठी कोणीतरी देवापुढे उभं राहिलंय हे त्याला बरंच वाटत होतं.

खेळ बदलतो, प्रश्न हाच असतो. बॅडमिंटन खेळणारी मुलगी विचारते, भजनात पेटी वाजवणारा विचारतो, एकदा एका भूलतज्ज्ञ बाईंनीही विचारला: येत असलेली गोष्ट एखाद्या दिवशी येईनाशी का होते?

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या. मला वाटलं, खाली काहीतरी दडलेलं असणार. पैजा लावतोस का, कर्ज आहे का, लग्नाचं काही चाललंय का, बाबांशी पटतं का... समुपदेशकाला विहीर दिसली की पोहरा सोडायची खोडच असते. तो सभ्यपणे उत्तरं देत राहिला आणि तिसऱ्या भेटीला आलाच नाही. मग मीच फोन केला आणि म्हटलं, "तुझा खेळ मला दाखवशील?" माझ्या पेशात असं सहसा करत नाहीत, पण त्याला आनंद झाला.

पार्लर म्हणजे शटरचा लांबट गाळा. दोन टेबलं, शटर अर्धं वर, पावसाची झड उंबऱ्यापर्यंत. कोपऱ्यातल्या खुर्चीत चहा घेऊन बसले. पहिले पाच-सहा बॉल त्यानं असे टाकले की मला वाटलं, हा उगाच आला माझ्याकडे. वाकायचा, तीनदा स्टिक मागेपुढे करायचा आणि मारायचा. मग एक साधा तिरका शॉट चुकला. पुढच्या शॉटला त्यानं स्टिक मागेपुढे केली नऊ वेळा. मी मोजलं. त्याच्या पुढच्याला उभं राहायची पद्धत बदलली, डावा हात टेबलावर वेगळ्या प्रकारे टेकवला, मागच्या हाताची मूठ इतकी आवळली की बोटांची पेरं पांढरी पडली. नजर बॉलवर नव्हती, स्वतःच्या कोपरावर होती. अर्ध्या तासात त्यानं स्वतःचा खेळ सुटा करून टेबलावर मांडला होता, उघडलेल्या मिक्सरसारखा.

पहिला बॉल का चुकला याला मी फारसं महत्त्व देत नाही. तो चुकणारच होता, आज नाहीतर उद्या. पूलचा बॉल सव्वादोन इंचाचा आणि कोपऱ्यातल्या होलाचं तोंड साधारण साडेचार इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम इंचभर मोकळीक. पांढऱ्यापासून पाडायचा बॉल एक मीटरवर आणि तिथून होल आणखी एक मीटरवर असेल, तर स्टिक किती वाकडी गेल्यावर बॉल कडेला आपटेल? एका अंशाच्या दहाव्या भागाइतकी. भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा एका सेकंदात जेवढा सरकतो, तेवढी. हे गणित आम्ही पार्लरच्या बिलाच्या पाठीमागे मांडलं. झील कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मगे मी रोज पॉट करतंय कसो?" मला खरा प्रश्न हाच वाटतो. नेम चुकण्याचं नवल नाही, नेम लागतो याचं आहे.

दुसरा हिशेबही त्याच कागदावर केला. शंभरातले नव्वद बॉल टाकणारा खेळाडू सलग आठ टाकून टेबल साफ करेल असे गेम शंभरात त्रेचाळीस. त्याचं प्रमाण नव्वदाचं पंच्याऐंशी झालं, तर असे गेम उरतात सत्तावीस. हातात फरक वीस बॉलांमागे एकाचा, आणि खेळणाऱ्याला वाटतं हातच गेला. (प्रत्येक बॉल सारखाच अवघड असं इथं धरलंय. प्रत्यक्षात तसं नसतं, पण कल्पना यायला पुरे.) वीसातला तो एक बॉल जायला फार मोठं काही घडावं लागत नाही. रात्रपाळीहून येऊन चार तासांची झोप झालेली असते. घामानं स्टिक बोटांत चिकटते. बॉलांवर स्टिकच्या टोकाला लावतात त्या चॉकचे डाग असतात आणि ते एकमेकांवर आपटताना किंचित अडकतात.

आणि पाऊस. टेबलावरचं कापड लोकरीचं असतं, ते दमट हवा पितं. बॉल जड चालतो, जोर कमी पडतो, पांढरा हवा तिथं पोचत नाही, आणि मग पुढचा शॉट नको त्या कोनातून मारावा लागतो. कॅरम खेळलेल्या कोकणातल्या कुठल्याही माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात बोर्डावर बल्ब तापवल्याशिवाय आणि पावडर मारल्याशिवाय आपण स्ट्रायकर हातात घेत नाही. स्नूकरच्या मोठ्या स्पर्धांत तर कापडाखालची दगडी पाटी गरम ठेवतात, ती याचसाठी. झील लहानपणापासून कॅरम खेळलेला, पण पार्लरमध्ये शिरला की हे सगळं विसरायचा. बॉल अपुरा पडला की दोष हाताला.

एका भेटीला त्याच्या वडलांनाही बोलावलं. ते दशावतारात मृदंग वाजवतात. जत्रांचा हंगाम संपला की पावसात घरी असतात. बोलणं फारसं नाही. मी विचारलं, तुमचाही एखाद्या रात्री हात लागत नाही का? ते हसले. "पावसात मृदंग उतरता. मगे मी हात बदलणंय नाय, कणीक बदलतंय." डाव्या पुडीला कणकेचा लगदा लावतात, तो कमीजास्त करून स्वर जागेवर आणायचा, मग वाजवायला बसायचं. आणि सगळं करूनही रंगला नाही खेळ तर? "रंगणा नाय. दुसऱ्या दिसाक दुसरो गाव." झील खिडकीबाहेर बघत होता, पण ऐकत होता.

त्याला मी वही घालायला सांगितलं. रोज खेळायला उभं राहण्याआधी सोपे ठरलेले दहा बॉल मारायचे, किती पडले ते लिहायचं. शिवाय झोप, पाऊस, समोर कोण होतं, आणि आज हात आहे की नाही याबद्दल स्वतःचं मत. तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात त्यानं फक्त वाईट दिवस लिहून आणले, चांगले दिवस त्याच्या लेखी नोंदवण्यासारखे नव्हतेच. ते दुरुस्त केल्यावर वही बोलायला लागली. 'हात नाय' लिहिलेल्या काही दिवशी दहातले नऊ बॉल पडलेले होते. म्हणजे हात होता, पहिल्या चुकीनंतरचा गोंधळ नडला होता. काही दिवस रात्रपाळीला चिकटलेले निघाले. आणि दोन-तीन दिवसांना काहीच कारण सापडलं नाही. झोप झालेली, ऊन पडलेलं, टेबल कोरडं, तरी नाही. यावर तो अडून बसला. कारण हवंच. मी खिशातलं नाणं काढून वीस वेळा उडवायला लावलं. सलग चार छापे पडले तेव्हा विचारलं, "नाण्याचं काय बिघडलं?"

बघे आले की बिघडतं, असंही त्याचं एक मत होतं. १९८२ साली अमेरिकेत पूल खेळणाऱ्यांवर प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास त्याला सांगितला. चार जण टेबलाजवळ येऊन उभे राहिले, तर कच्च्या खेळाडूंचे पडणारे शॉट शंभरात ३६ वरून २५ वर आले, आणि पक्क्यांचे ७१ वरून ८० वर गेले. झील त्या दिवशी छाती काढून गेला. कोल्हापुरातली गर्दी आणि ओळखीचे चार जण यांत फरक आहे, हे मी त्याला पुढच्या भेटीत सांगितलं. त्या दिवशी नाही.

पहिल्या चुकीनंतर नेमकं काय होतं? पक्क्या खेळाडूचा हात विचार न करता चालतो. वर्षानुवर्षांच्या सरावानं ती हालचाल एकसंध झालेली असते. चुकलो म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायला गेलं, की तिचे पुन्हा तुकडे पडतात. गणपतीत आरत्या एकामागून एक आपण घडाघड म्हणतो, पण मध्येच कोणी विचारावं, 'तिसऱ्या कडव्याचा दुसरा शब्द कुठला रे?' की सगळा घोळका अडखळतो. तसंच. नवशिक्यानं कोपराकडे बघावं, त्यात त्याचा फायदा आहे. झीलसारख्यानं बघू नये.

म्हणून नियम एकच ठरला: चालू गेममध्ये काहीही दुरुस्त करायचं नाही. उभं राहणं, मूठ, हात टेकवणं, सगळं जसं आहे तसं. दुरुस्ती करायची तर दुसऱ्या दिवशी, एकट्यानं. चुकलं की उभं राहायचं, चॉक लावायचा, श्वास सोडायचा आणि वाकल्यावर नजर बॉलच्या त्या एका जागेवर थोडी जास्त ठेवायची. नेमाच्या खेळांतले मुरलेले खेळाडू मारण्याआधी लक्ष्यावर नजर जास्त वेळ स्थिर ठेवतात, हे बिलियर्ड्स खेळणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासातही दिसलंय. गेम सुरू करण्याआधी टेबल तपासायचं: पांढरा समोरच्या कडेला मारून परत किती येतो ते बघायचं, बॉल पुसायचे, हात कोरडे करायचे. त्याच्या वहीत याला 'कणीक लावणे' असं नाव आहे. आणि हात नसेल त्या दिवशी लांबचे, चमकदार शॉट सोडून द्यायचे, पांढरा लपवून समोरच्याला अडचणीत टाकायचं. हे त्याला सगळ्यात जड गेलं, कारण पार्लरमध्ये त्याला 'रडीचा डाव' म्हणतात.

हे सगळं अधूनमधून येणाऱ्या वाईट दिवसांबद्दल झालं. नेमक्या मारायच्या क्षणी हात अडत किंवा झटका देत असेल आणि ते महिनोन्‌महिने टिकत असेल, तर ती वेगळी गोष्ट. स्नूकरचा सात वेळचा विश्वविजेता स्टीफन हेन्ड्री स्वतः अशा त्रासाबद्दल उघड बोललाय. खेळाखेरीज एरवीही हात थरथरत असेल तर आधी डॉक्टर. आणि खेळासोबत झोप, जेवण, माणसांत बसणं हेही सुटत चाललं असेल, तर प्रश्न पूलचा नाही, तेव्हा वही घालत बसू नका, लगेच या.

कोल्हापुरात तो दुसऱ्या फेरीत हरला. ज्याच्याकडून हरला तो चांगला खेळला, एवढंच फोनवर म्हणाला. दिवाळीनंतर वही परत करायला आला. मी ती ठेवून घेतली नाही, पण चाळली. शेवटच्या पानावर होतं: "झोप ७ तास. ऊन. दहातले ६. आज हात नाय. पाच गेम, दोन जिंकलंय. घराक जाऊन पेज जेवलंय."