तटस्थ, अलिप्त की स्वायत्त? भारताच्या परराष्ट्र धोरणातले तीन शब्द

प्रश्न असा आला आहे: "युक्रेन युद्धावरच्या राष्ट्रसंघातल्या मतदानाची बातमी एका ठिकाणी 'भारत तटस्थ' अशी वाचली, दुसरीकडे 'भारत अलिप्त', तिसरीकडे चक्क 'भारत गैरहजर'. शाळेत 'अलिप्ततावाद' शिकलो होतो. हल्ली टीव्हीवर 'सामरिक स्वायत्तता' ऐकू येतं. हे सगळं एकच का? मराठीत लिहिताना काय वापरावं?"

एकच नव्हे. तटस्थता एखाद्या युद्धापुरती किंवा मतदानापुरती असते. अलिप्तता लष्करी गटांच्या संदर्भातली आहे. स्वायत्तता म्हणजे आपला निर्णय आपल्या हाती असणं. एखादा देश एकाच दिवशी यांतलं एक असेल आणि दुसरं नसेल, असं सहज घडतं. उदाहरणं पुढे येतीलच.

'गैरहजर' आधी निकालात काढू, कारण ती सरळ चूक आहे. 2 मार्च 2022 रोजी आमसभेत रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव मताला आला. बाजूने 141, विरोधात 5, आणि 35 देशांनी कुठल्याच बाजूला मत दिलं नाही. बेरीज होते 181. सदस्य आहेत 193. राहिलेले 12 देश मतदानाला नव्हतेच. गैरहजर म्हणायचं तर त्यांना. सभागृहातल्या फलकावर बाजूचं मत हिरवं दिसतं, विरोधातलं लाल, आणि मत न देण्याचंही एक बटण असतं, ते दाबलं की पिवळं. गैरहजर देशापुढची जागा कोरी. भारत पिवळ्यात होता, आणि आपण असं का केलं याचं निवेदनही आपल्या प्रतिनिधीने केलं. बोलायला उभा राहणारा माणूस गैरहजर कसा असेल?

फरक किती महाग पडू शकतो हे 1950 मध्ये दिसलं होतं. चीनची जागा तैवानमध्ये गेलेल्या राजवटीकडेच ठेवली म्हणून सोव्हिएत प्रतिनिधीने जानेवारीपासून सुरक्षा परिषदेवर बहिष्कार टाकला होता. जूनमध्ये कोरियाचं युद्ध पेटलं, उत्तर कोरियाविरुद्धचे ठराव आले, आणि नकाराधिकार वापरायला मॉस्कोचं कुणी खुर्चीत नव्हतंच. ठराव मंजूर झाले. ही खरी गैरहजेरी.

आता 'तटस्थ'. तट म्हणजे काठ, तिथे उभा असलेला तो तटस्थ. प्रवाहात नाही, पण नदीपासून लांबही नाही. पोथ्यांच्या मराठीत याच शब्दाला आणखी एक छटा आहे: चमत्कार पाहून सभा 'तटस्थ' होते, म्हणजे जागच्या जागी थक्क होऊन राहते. ही छटा आज बोलण्यातून गेली असली तरी काही राजनैतिक निवेदनं वाचताना ती आठवते खरी.

आंतरराष्ट्रीय कायद्यात तटस्थतेला ठरलेला अर्थ आहे. 1907 च्या हेग करारांत तटस्थ देशाचे हक्क आणि कर्तव्यं लिहून ठेवली आहेत: लढणाऱ्या फौजांना आपल्या भूमीतून वाट द्यायची नाही, सरकारने एका बाजूला शस्त्रं पुरवायची नाहीत, वगैरे. स्वित्झर्लंडची कायमची तटस्थता 1815 मध्ये युरोपच्या सत्तांनी मान्य केली; ऑस्ट्रियाने 1955 मध्ये ती घटनात्मक कायद्याने स्वीकारली. या अर्थाने भारत कधीच तटस्थ देश नव्हता, आणि व्हायचं आहे असंही त्याने कधी म्हटलं नाही. उलट, ऑक्टोबर 1949 मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर बोलताना नेहरूंनी स्पष्ट केलं होतं की स्वातंत्र्य धोक्यात असेल, न्यायावर घाला येत असेल किंवा आक्रमण होत असेल, तिथे आम्ही तटस्थ राहू शकत नाही, राहणार नाही. पुढल्या वर्षी कोरियात आक्रमण उत्तरेनेच केलं असं म्हणणाऱ्या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिलं. लढाऊ सैन्य पाठवलं नाही, पण लष्कराचं वैद्यकीय पथक पाठवलं. आणि 1951 मध्ये चीनला आक्रमक ठरवणारा ठराव आला तेव्हा विरोधात मत दिलं. दोन्ही वेळा बाजू घेतलीच. फक्त दोन्ही वेळा एकाच गटाची घेतली नाही.

याच युद्धात 'तटस्थ' शब्दाचा फार बोलका वापर सापडतो. जुलै 1953 च्या युद्धबंदीनंतर मायदेशी जायला तयार नसलेल्या कैद्यांचं काय करायचं, यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. अध्यक्षपद भारताकडे, जनरल थिमय्या. बाकीचे सदस्य कोण? स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया. शेवटचे दोन तर उघड उघड सोव्हिएत छावणीतले! तरी कागदावर तटस्थ, कारण युद्धबंदीच्या करारात व्याख्याच अशी होती की ज्यांच्या लढाऊ फौजा कोरियात उतरल्या नाहीत ते तटस्थ. म्हणजे पोलंड त्या युद्धापुरता तटस्थ होता, पण अलिप्त मुळीच नव्हता. मला तरी दोन शब्दांतला फरक दाखवणारं याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

'अलिप्त' हा लिप् धातूचा. लेप न लागलेला, माखला न गेलेला. गीतेच्या पाचव्या अध्यायात पाण्यातल्या कमळाच्या पानासारखा पापाने लिप्त न होणारा माणूस आहे, तिथलं 'लिप्यते न' आणि हा 'अलिप्त' एकाच घरचे. शब्द सुरेख आहे. पण तो एक गोष्ट सांगत नाही: कशापासून अलिप्त? हिंदीने 'गुटनिरपेक्ष' केलं. ऐकायला खडबडीत, पण गटांचा उल्लेख शब्दातच आहे. मराठीत तो गळला. त्यातून रोजच्या बोलण्यात 'तो सगळ्यांपासून अलिप्तच असतो' म्हणजे तो कुणात मिसळत नाही, असा अर्थ. साहजिकच अनेकांना वाटतं की अलिप्ततावाद म्हणजे जगाच्या भानगडीत न पडणं. प्रत्यक्षात नेहरूंचा भारत इतक्या भानगडींत मध्यस्थी करत होता की टीकाकारांची तक्रार नेमकी उलटी असे.

7 सप्टेंबर 1946 रोजी हंगामी सरकारच्या वतीने केलेल्या रेडिओ भाषणात नेहरूंनी सांगितलं ते एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या गटांच्या सत्ताकारणापासून दूर राहण्याबद्दल. गट हा शब्द महत्त्वाचा. 1961 मध्ये बेलग्रेडला 25 देशांची पहिली शिखर परिषद झाली. तिच्या आधी कैरोतल्या बैठकीत सदस्यत्वाच्या कसोट्या ठरल्या होत्या, त्यांतली मुख्य अशी की महासत्तांच्या झगड्यातून जन्मलेल्या लष्करी करारसंघटनेत देश नसावा. म्हणजे अलिप्तता ही मनोवृत्ती नव्हती, तपासून पाहता येणारी गोष्ट होती. पाकिस्तान सिएटो आणि सेंटो या पाश्चिमात्य गटाच्या दोन्ही लष्करी करारसंघटनांत होता. 1979 मध्ये त्याने सेंटो सोडली आणि त्याच वर्षी तो अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीत दाखल झाला.

इथे कुणीतरी 1971 काढणार, आणि काढायलाच हवं. 9 ऑगस्टला दिल्लीत दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी भारत-सोव्हिएत मैत्री करारावर सह्या केल्या. हल्ला झाला किंवा तसा धोका असला तर दोघांनी ताबडतोब विचारविनिमय करायचा, असं नवव्या कलमात आहे. त्याच करारातलं चौथं कलम म्हणतं की सोव्हिएत संघ भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा आदर करतो! वकिली शहाणपणाचा हा नमुना आहे. एकमेकांसाठी लढण्याचं बंधन नव्हतं म्हणून कसोटी तांत्रिकदृष्ट्या पास. पण लेप अजिबात लागला नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. धोरण म्हणून मला त्यात चूक दिसत नाही. पूर्व बंगालचे लाखो निर्वासित सीमेच्या आत होते, आणि अमेरिका व चीन दोघेही पाकिस्तानच्या पाठीशी होते. फक्त शब्द तिथे ताणला गेला, एवढंच.

जुन्या संस्कृत परिभाषेतून काही मिळतं का, असं बरेच जण विचारतात. कौटिल्याकडे परराष्ट्र धोरणाचे सहा गुण आहेत: संधी (तह), विग्रह (वैर), आसन (स्वस्थ बसणं), यान (चाल करून जाणं), संश्रय, द्वैधीभाव. यातल्या 'संश्रय' ची त्याने केलेली व्याख्या दोन शब्दांची आहे, 'परार्पणं संश्रयः', म्हणजे स्वतःला दुसऱ्याच्या हवाली करणं. लष्करी युतीत धाकटा भागीदार होण्याचं इतकं निर्दय वर्णन आजच्या परिभाषेत नाही. त्याच्या राजमंडलात, म्हणजे मित्र-शत्रू राजांच्या वर्तुळात, 'उदासीन' राजाही आहे, आणि गंमत म्हणजे तो सगळ्यांत बलवान. शत्रू, विजिगीषू (जिंकू इच्छिणारा राजा) आणि मध्यम (त्या दोघांच्याही सीमेला लागून असलेला राजा) या तिघांच्याही बाहेर बसलेला, वाटलं तर कुणालाही मदत करू शकेल किंवा मोडू शकेल असा. आज मराठीत 'उदासीन' म्हणजे ज्याला कशाचं सोयरसुतक नाही तो. शब्द परत आणायची इच्छा कितीही झाली तरी 'भारत उदासीन' असा मथळा उद्या कुणी छापला तर परराष्ट्र खात्याला खुलासा करावा लागेल. द्वैधीभावाचंही तसंच. एकाशी संधी करून दुसऱ्याशी विग्रह, हा त्याचा मूळ अर्थ. पण मराठी कानाला तो दुटप्पीपणा वाटतो.

मग 'सामरिक स्वायत्तता'. यातला दुसरा शब्द चोख आहे. आयत्त म्हणजे अधीन. स्वायत्त म्हणजे स्वतःच्याच अधीन. स्वायत्त महाविद्यालय अनुदान घेतं, विद्यापीठाशी संलग्नही असतं, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा आपल्या आपण ठरवतं. भारताला नेमकं हेच म्हणायचं असतं: संबंध सगळ्यांशी, अवलंबित्वही थोडंफार, पण निर्णय दिल्लीत. गोंधळ आहे तो पहिल्या शब्दात. समर म्हणजे युद्ध, तेव्हा 'सामरिक' म्हणजे युद्धविषयक. पण या स्वायत्ततेत तेल येतं, व्यापार येतो, संगणकाच्या चिप्स येतात. रशियाकडून एस-400 क्षेपणास्त्र यंत्रणा घेण्याचा ऑक्टोबर 2018 चा करार अमेरिकी निर्बंधांची टांगती तलवार असतानाही झाला. ते सामरिक खरंच. पण 2022 नंतर रशियाचं कच्चं तेल घेत राहणं आणि त्यापायी ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेचा जादा 25 टक्के आयातकर ओढवून घेणं, म्हणजे एकूण 50 टक्के, यात समर कुठे आहे? काही जण 'धोरणात्मक' लिहितात. ते फारच सैल; धोरण तर पाणीपट्टीचंही असतं. माझं मत 'व्यूहात्मक स्वायत्तता' ला. व्यूह रणांगणावरचा असला तरी त्यात डाव, रचना, दूरचा विचार आहे.

राहिला आताच्या धोरणाचा शब्द. भारत अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाबरोबर क्वाडमध्ये आहे, 2017 पासून शांघाय सहकार्य संघटनेत चीन-रशियाबरोबरही आहे, ब्रिक्समध्ये तर पहिल्यापासून. गलवानमध्ये जून 2020 मध्ये 20 जवान गेले, त्यानंतरही चीनबरोबर एका टेबलाला बसणं थांबलं नाही. याला कुणी 'बहुसंलग्नता' म्हणतं, कुणी 'बहुपक्षीय धोरण'. दुसरं चूक आहे. बहुपक्षीय म्हणजे अनेक देशांनी मिळून केलेलं, जसं जागतिक व्यापार संघटनेतल्या वाटाघाटी. 'बहुसंलग्नता' अर्थाला बरोबर, पण तोंडात घोळत नाही. मी स्वतः वाक्यच मोकळं करतो: 'सगळ्यांशी संबंध, कुणाशी युती नाही'. संज्ञा हवीच असेल तर निरुपायाने बहुसंलग्नता.

टीका म्हणून 'कुंपणावर बसलेला भारत' असंही छापून येतं. जून 2022 मध्ये स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हात परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी या आरोपाला उत्तर दिलं होतं: तुमच्याशी सहमत नाही म्हणजे कुंपणावर बसलो आहे असं नव्हे, मी माझ्या जमिनीवर आहे. कुंपण मात्र आपलं नाही, इंग्रजीतून आलेलं. टीकाच करायची तर मराठीत त्यासाठी 'दोन्ही डगरींवर हात ठेवणे' आहे. डगर म्हणजे नदीचा उंच काठ. हा शब्द विसरला गेल्यामुळे लोक 'दोन्ही दगडांवर' म्हणू लागले. तटस्थ एका काठावर उभा, आणि डगरीवाला दोन्ही काठ धरून बसलेला; भारताच्या टीकाकारांना बहुतेक वेळा दुसरंच म्हणायचं असतं आणि ते लिहितात पहिलं.

तेव्हा बातमी लिहिताना: मतदानापुरतं 'भारत तटस्थ राहिला' चालेल, 'भारताने मत दिलं नाही' लिहिलंत तर उत्तमच, फक्त ठरावाचं नाव बरोबर द्या. 'भारत तटस्थ देश आहे' हे वाक्य मात्र खोडा. 'अलिप्त' 1946 ते साधारण शीतयुद्धाच्या अखेरीपर्यंतच्या धोरणाला आणि त्या चळवळीला राखून ठेवा; चळवळ अजून आहे आणि भारत तिचा सदस्य आहे. आणि जाता जाता, 'अलिप्तवाद' असंही काही ठिकाणी दिसतं. वाद अलिप्ततेचा आहे, म्हणून अलिप्ततावाद, आणि तो मानणारा अलिप्ततावादी. एक 'ता' गाळून फार जागा वाचत नाही.