बोंडवाच्या रसाची कृती फलकावर लिहू नकोस

वेंगुर्ले

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी बाटली काल एसटीच्या पार्सलातून आली. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, खाल्ल्यावर घसा जो धरतो, तो या रसाने धरला नाही. शेवटच्या घोटाला तुरटपणा किंचित लागतो, पण हिने दुसरा पेला मागून घेतला, आणि हिची जीभ सहजासहजी राजी होत नाही.

मात्र पुढच्या महिन्यात स्टॉल लावून अख्खी कृती फलकावर लिहिणार म्हणतेस, ते करू नकोस. मी केलंय. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचं माझं छोटं यंत्र एका प्रदर्शनात तीन दिवस चालवलं, येईल त्याला झाकण काढून पातं दाखवलं. पुढे तसंच यंत्र बाजारात आलं, पात्याच्या कोनासकट. पेटंटसाठी गेलो तर पहिलाच प्रश्न, हे आधी कुठे उघड केलंत का? केलं होतं, स्वतःच्या हाताने.

तुझ्या विद्यापीठाचं रिसर्च फाउंडेशन आहे ना, आधी तिथे जा. यात नवीन काय आणि जुनं काय, हे ते तपासतील. पेजेने तुरटपणा खाली बसतो ही माहिती जुनी आहे. तिच्यावर तुझा हक्क नाही, कुणाचाच नाही. तू त्यापुढे जे केलंस तेवढंच वेगळं लिहून काढ. मग ते पेटंटचा प्राथमिक अर्ज टाकतील. पूर्ण अर्जाला तिथून १२ महिने मिळतात. शुल्कात शैक्षणिक संस्थेला ८० टक्के सूट आहे, आणि उरलेला खर्च फाउंडेशन उचलतं. तुझ्या खिशाला हे एकटीने झेपणारं नाही. पुढे एखाद्या कारखानदाराला परवाना द्यायचा, येणाऱ्या रॉयल्टीतला वाटा तुला, आणि बाकीचा पुढच्या कुणाच्या तरी प्रयोगाला.

ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीनबॉक नावाच्या प्राध्यापकाने अतिनील किरणांनी अन्नातलं ड जीवनसत्त्व वाढवलं. एका बड्या कंपनीने पैसे पुढे केले, त्याने नाकारले. १९२५ साली माजी विद्यार्थ्यांनी फाउंडेशन काढलं, ते हे पेटंट सांभाळायला. पुढची गोष्ट मला जास्त आवडते. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी बर्फातून त्याच विद्यापीठात आला. सोबत मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त. गुरांनी खराब झालेलं गवत खाल्लं होतं. लिंक नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्या गवतातलं द्रव्य शोधायला काही वर्षं घालवली, आणि त्याच कामातून पुढे उंदीर मारायचं औषध निघालं. तेच माणसाचं रक्त पातळ ठेवायला आलं. हृदयाची झडप बदललेले लोक घेतात ती वॉरफरिनची गोळी. तिच्या नावातलं ‘वॉर्फ’ म्हणजे त्या फाउंडेशनच्या नावाची, ‘विस्कॉन्सिन अॅलम्नाय रिसर्च फाउंडेशन’ची, आद्याक्षरं.

आता तू विचारशील, आपल्याकडे मग सगळं फुकट का वाटलं? वेंगुर्ल्याच्या काजूची कलमं, नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये आलेला रत्ना आंबा, देठासकट आंबा उतरवणारा नूतन झेला, हे सारं दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं काम, आणि ते वाडीवाडीत पोचलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. झाडाला आपल्या कायद्यात पेटंट मिळतच नाही, आणि २००१ च्या वाण कायद्यानेही शेतकऱ्याचा बियाण्यावरचा हक्क राखलाय. कलम वाटलं तर बागा वाढतात. पण रस काढायची प्रक्रिया तशी वाटून टाकलीस, तर पैसेवाला कारखाना ती उचलेल आणि गावातली बोंडं होती तशीच झाडाखाली कुजतील. परवाना देताना बोंडं इथल्याच बागायतदारांकडून घ्यायची अट घालता येईल का, हे विचार. माझ्या लेखी रॉयल्टीपेक्षा ती अट मोलाची.

रॉयल्टीच्या भरवशावर कर्ज मात्र काढू नकोस. पेटंट २० वर्षांचं असतं, आणि बहुतेक पेटंटं फायलीतच म्हातारी होतात.

रविवारी घरी ये. वही आण, तारखा घातलेली. कोणत्या दिवशी काय केलंस ते पान उघडून बघू, आणि तुझ्याबरोबर राबलेल्या त्या मैत्रिणीचं नाव संशोधकांच्या रकान्यात यायला हवं की नाही तेही ठरवू. एक बाटलीही आण. हिने सांगितलंय.

तुझा,
सर