कामार्ग सपाट आहे, मग रोड सायकलने एका दिवसात 120 किलोमीटर सहज होतील का?

सिंहगडाचा चढ नेमाने चढणाऱ्या माणसाला दक्षिण फ्रान्समधील कामार्गच्या सपाट रस्त्यांवर एका दिवसात 120 किलोमीटर सहज जमतील का, आणि समुद्रालगतच्या बांधावरून रोड सायकल नेता येते का, असे आपण विचारले आहे. मी नोकरीनिमित्त माँपेलिए येथे राहतो आणि गेली सहा वर्षे वर्षातून चार-पाच वेळा तरी कामार्गमध्ये सायकल चालवतो. बांधाबद्दलचे उत्तर ‘नाही’ असे आहे, त्याचे कारण पुढे देतो. अंतराबद्दलचे उत्तर मात्र त्या दिवशी वारा कोणता आहे यावर अवलंबून आहे, आणि बेत आखताना अंतराच्या आधी वाऱ्याचा विचार करावा, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

कामार्ग म्हणजे रोन नदीचा त्रिभुज प्रदेश. आर्ल शहराजवळ नदीला दोन फाटे फुटतात. थोरली रोन पूर्वेकडून आणि धाकटी रोन पश्चिमेकडून भूमध्य समुद्राला मिळते, आणि या दोन फाट्यांच्या मधली तळी, खाजणे, भातखाचरे व मिठागरे हे मूळ कामार्ग. मधोमध व्हाकारेस नावाचे सुमारे 6,500 हेक्टरांचे उथळ सरोवर आहे. त्याच्या परिसरात 1927 पासून संरक्षित राखीव क्षेत्र आहे आणि 1970 पासून सगळा प्रदेश प्रादेशिक निसर्ग उद्यानात मोडतो. जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आहे, त्यामुळे रस्त्यावर चढ जवळजवळ नाही. परंतु चढ नाही तसा उतारही नाही, हे घाटात सायकल चालवणाऱ्याच्या आधी लक्षात येत नाही. सिंहगडावरून उतरताना पाय मोकळे होतात, पाठ सरळ करता येते. इथे मात्र तासन्‌तास एकाच बैठकीत पॅडल मारत राहावे लागते.

त्यात मिस्त्राल वारा. आल्प्स आणि फ्रान्सचे मध्यवर्ती पठार यांच्यामधल्या रोनच्या खोऱ्यातून हा थंड, कोरडा वारा उत्तर-वायव्येकडून समुद्राकडे सुटतो आणि त्याचे झोत कधीकधी ताशी 100 किलोमीटरच्याही पुढे जातात. तो सुटला की आभाळ स्वच्छ निळे होते, आणि नेमकी इथेच नवख्या माणसाची फसगत होते. सकाळी आर्लहून दक्षिणेकडे निघालेला सायकलस्वार पाठीवरच्या वाऱ्याने तासाभरात 35 किलोमीटर कापतो, आपले पाय आज चांगले चालले आहेत असे त्याला वाटते, आणि परतताना तेच अंतर त्याला तीन तास पुरते. हिशेब साधा आहे. आपण ताशी 20 किलोमीटर वेगाने जात असाल आणि समोरून ताशी 40 किलोमीटरचा वारा असेल, तर अंगावर येणारी हवा 60 ची असते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून निवांत हवेत 20 च्या वेगाला जितका रोध असतो त्याच्या नऊपट रोध आपल्याला ढकलावा लागतो. आडवा वारा तर त्याहून धोक्याचा. शेतांच्या कडेने वारा अडवण्यासाठी सुरूसारख्या उंच सायप्रसच्या रांगा लावलेल्या असतात. त्या आडोशातून बाहेर पडताक्षणी झोत बसतो आणि हँडल हातभर सरकते. खोल रिमची, म्हणजे रुंद कडेची, चाके असतील तर ती घरीच ठेवावीत.

मिस्त्रालची दिशा ओळखायला तिथल्या गुराख्यांच्या जुन्या झोपड्या पाहाव्यात. त्या पांढऱ्या भिंतींच्या आणि बोरूच्या छपराच्या असतात. त्यांची एक बाजू अर्धगोल असते, तिला खिडकी नसते आणि ती बाजू नेमकी उत्तर-वायव्येकडे केलेली असते. दार दक्षिणेकडे असते. अशा एका झोपडीच्या दक्षिण भिंतीला टेकून मी एकदा अर्धा तास बसलो होतो. छपरावरचा बोरू सरसरत होता, समोरचे गवत जमिनीला टेकले होते आणि माझ्या मांडीवरचा पावाचा कागदही हलत नव्हता. घर असे का बांधतात हे तेव्हा मला पुरते कळले.

म्हणून माझा सल्ला असा की, मिस्त्रालचा अंदाज असेल त्या दिवशी जाऊच नये. गेलात तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि परतताना तो पाठीवर घ्यावा. याउलट उन्हाळ्यातील शांत दिवशी दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, त्यामुळे सकाळी लवकर दक्षिणेकडे निघून दुपारी उत्तरेकडे परतणे सोयीचे पडते. अशा दिवशी आपण म्हणता ते 120 किलोमीटर खरोखरच होतात.

मार्गाबद्दल सांगायचे तर, आर्लहून साँत-मारी-द-ला-मेर या किनाऱ्यावरच्या गावाला जाणारा डी-570 हा मुख्य रस्ता मी टाळतो. तो सरळ आहे, त्यावर मोटारी वेगाने जातात, आणि 24 व 25 मे रोजी तिथे काली सारा या संतेच्या यात्रेसाठी रोमा लोक मोठ्या संख्येने येतात तेव्हा तर तो भरून वाहतो. (या लोकांचे पूर्वज भारतातून गेलेले, यात्रा पाहण्यासारखी आहे, पण ती सायकल चालवण्याच्या दिवसाशी जोडू नये.) त्याऐवजी आर्लहून व्हिलनव्हला यावे, तिथून डी-36 बी या अरुंद रस्त्याने व्हाकारेसच्या पूर्व काठाने ला कापेलिएरवरून सालँ-द-जिरो गाठावे आणि ल सांब्यूकमार्गे डी-36 ने परतावे. हा फेरा सुमारे 80 किलोमीटरचा होतो. डी-36 बी वर डांबर आहे, परंतु दलदलीमुळे ते जागोजागी खचले आहे, तेव्हा 25 मिलिमीटरऐवजी 28 किंवा 30 चे टायर लावावेत.

या रस्त्यावरच रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसतात. हा थोरला रोहित, म्हणजे उजनीला आणि ठाण्याच्या खाडीत येणारीच जात. फ्रान्समध्ये त्याची नियमित वीण मात्र कामार्गमध्येच होते. लांबून गुलाबी रेघ दिसते तेवढ्यावर समाधान मानू नये. ला कापेलिएरला राखीव क्षेत्राचे केंद्र आहे, तिथे सायकल लावून पायवाटेने आडोशापर्यंत जावे आणि एकच पक्षी निवडून त्याच्याकडे पाहत बसावे. तो एका जागी गोल गोल फिरत पायांनी चिखल तुडवतो, मग मान खाली सोडून चोच उलटी करतो, म्हणजे वरचा जबडा खाली येतो, आणि जिभेने पाणी आत-बाहेर करीत त्यातले बारीक जीव गाळून घेतो. त्याने चिखलात केलेली वर्तुळे पाणी उतरल्यावरही राहतात. रस्त्याने जाणाऱ्या सायकलकडे हे पक्षी फारसे लक्ष देत नाहीत, पण आपण थांबून काठाकडे चालू लागलो की सगळा थवा सरकतो. वीण सुरू असताना तर कृपा करून रस्ता सोडू नये.

आता बांधाविषयी. समुद्राचे पाणी अडवण्यासाठी 1859 मध्ये पुरा झालेला हा बांध मोटारींना बंद आहे, गाशोलचे दीपगृह त्याच्यावरच लागते, आणि एका बाजूला समुद्राकडची वाळू व दुसऱ्या बाजूला तळी असा देखावा मी इतरत्र पाहिलेला नाही. परंतु तो कच्चा आहे. दगडगोट्यांचे पट्टे संपतात तिथे वाळू सुरू होते, आणि रोड सायकलचे चाक तिच्यात रुतते. मी पहिल्या वर्षी गेलो होतो तेव्हा बराचसा बांध मला पायी चालावा लागला. ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीची जाड टायरची सायकल, भाड्याने मिळाल्यास मात्र त्यासाठी एक पूर्ण दिवस अवश्य ठेवावा. वाळूच्या कडेला आपल्याकडचाच सराटा उगवतो, तेव्हा सायकल टेकवण्याआधी जमीन पाहावी आणि जादा ट्यूब दोन घ्याव्यात.

उन्हाळ्यात डासांचा त्रास फार असतो, विशेषतः मे ते सप्टेंबरात आणि सायंकाळी. सायकल चालू असेपर्यंत ते जाणवत नाहीत, पंक्चर काढायला थांबलो की जाणवतात. सावली जवळजवळ नाही. वाटेत पाण्याची भरवशाची जागा सालँ-द-जिरो हीच. मीठ व रसायनांच्या कारखान्यांतील कामगारांसाठी 19व्या शतकाच्या शेवटी वसवलेल्या विटांच्या घरांच्या या गावात दुकान आहे. तोवर पुरतील इतक्या दोन मोठ्या बाटल्या बरोबर ठेवाव्यात.

मिस्त्रालबद्दल मनात शंका असेल तर व्हिलनव्हच्या चौकात पाच मिनिटे थांबावे. तिथे बोरूचे शेंडे सतत दक्षिणेकडे वाकलेले दिसले, तर सालँ-द-जिरोचा बेत सोडून फक्त ला कापेलिएरपर्यंत जाऊन परतावे. ते अंतर उलट्या वाऱ्यातही निभते आणि रोहित तिथपर्यंतच्या काठावरही दिसतात.