जुना लेथ, नवी पोरं: अपघात टाळायला आणि मशीन टिकवायला काय करावं?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: नाशिकच्या अंबडमधल्या गाळ्यात जुना साडेसहा फुटी लेथ (धातू कातायचं मशीन) आलाय, आट्यांचा स्पिंडल (फिरता दांडा, त्यावर चक आट्यांनी बसतो), ३ एचपी मोटर, डोक्यावर फॉरवर्ड-रिव्हर्सचा फिरवायचा स्विच. चालवणार सातपूर आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली दोन मुलं. कामं पिना, बुश, छोटे रोलर.

टूलबिल काही घ्यायच्या आधी तो फिरवायचा स्विच काढा. लेथवरचे वाईट अपघात फक्त कापताना होत नाहीत, मशीन नको तेव्हा सुरू होतं तेव्हाही होतात. लाईट गेली की मशीन थांबतं, पण तो स्विच फॉरवर्डलाच राहतो. मुलगा चकात (जॉब म्हणजे कातायचा तुकडा पकडून फिरवणारा भाग) चावी घालून जबडे सैल करत असतो आणि लाईट येते. त्याऐवजी पुश बटणाचा कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा स्विच) स्टार्टर बसवा. लाईट गेल्यावर त्याची कॉइल सुटते आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. फॉरवर्ड आणि रिव्हर्सचे कॉन्टॅक्टर एकदम ओढले जाणार नाहीत असा इंटरलॉक हवा. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवरच लावा. ३ एचपीला ते साधारण साडेचार ते पाच असतं. सारखा ट्रिप होतो म्हणून वायरमन तो सात-आठवर नेऊन ठेवतात, मग एक फेज गेला की मोटर जळते. सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) घ्या. लाल मशरूम बटण अशा जागी लावा की फिरत्या चकावरून हात न नेता दाबता येईल.

लाईनवर काम होऊन लाईट आली तर पहिल्यांदा रिकामा चक फिरवून दिशा बघा. दोन फेज अदलाबदल झाले असतील तर मोटर उलटी फिरते, आणि आट्यांच्या स्पिंडलवर उलटं फिरणं म्हणजे चक सुटणं. याच कारणाने पोरांना एक गोष्ट बजावून ठेवा: थांबवायची घाई म्हणून चालत्या मशीनला रिव्हर्स मारायचा नाही. स्पिंडल थांबतो, चक त्याच्या वजनाच्या जोरावर फिरत राहतो, आटे उलगडतात आणि तो बेडवर (खालच्या लांब पायावर) येतो. कॅमलॉकच्या (चक आट्यांऐवजी खिळ्यांनी लॉक होणाऱ्या) मशीनवर शिकलेल्या मुलाला हे माहीत नसतं. आठ इंची चक १५ किलोच्या आसपास असतो. काढताना-घालताना त्याखाली बेडवर लाकडी फळी ठेवा. बोटं आणि बेड दोन्ही वाचतात.

चकाच्या चावीचा नियम सोपा आहे: चावी चकात असेल तर हात चावीवर. हात सुटला की चावी आधी बाहेर. जबडे चकाच्या बॉडीबाहेर एक तृतीयांशापेक्षा जास्त आले तर आतल्या स्क्रोलचे (जबडे सरकवणाऱ्या चकतीचे) दात कमी पकडतात, त्याऐवजी जबडे उलटे लावा. जॉब व्यासाच्या तिपटीहून जास्त बाहेर असेल तर टेलस्टॉकचा (उजव्या टोकाच्या आधाराचा) सेंटर द्या. आणि हेडस्टॉकच्या (स्पिंडल असलेल्या डाव्या भागाच्या) मागून बार बाहेर ठेवू नका. १२ एमएमचा बार मागे फूट-दीड फूट लटकत असेल तर जास्त आरपीएमला तो वाकतो आणि चाबकासारखा फिरतो. कापून घ्या, फार तर वेगळ्या स्टँडवरच्या पाइपातून न्या.

हातमोजे लेथवर अजिबात नाहीत. मनगटाचा दोरा, गंडा, कडं, अंगठी, गळ्यातलं उपरणं सगळं काढून, बाह्या कोपरावर. चष्मा मात्र कायम. खंडेनवमीला चकाला घातलेला हार मशीन सुरू करण्याआधी उतरवा, आणि नारळ बेडवर फोडू नका, त्या पाण्याने सकाळपर्यंत बेडवर गंजाचे डाग पडतात. अक्षता, गुलालही स्लाइडवरून पुसून घ्या.

लांब गुंडाळी होऊन निघणारा धातूचा कीस हाताने ओढायचा नाही. तो ब्लेड असतो आणि फिरत्या जॉबला अडकून हातालाही ओढतो. मशीन थांबवून हुकाने काढा. मुळात तो तुटून पडायला हवा. फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) थोडा वाढवा किंवा टूलवर चिपब्रेकरची खाच काढा. एमरी पट्टी जॉबला गुंडाळून दोन्ही टोकं हातात धरू नका. फाईलखाली धरून लावा, आणि फाईलला मूठ असल्याशिवाय लेथवर आणू नका.

स्पीडसाठी एक सूत्र भिंतीवर लिहून ठेवा: आरपीएम म्हणजे ३१८ गुणिले कटिंग स्पीड (मीटरमध्ये), भागिले व्यास (एमएममध्ये). माइल्ड स्टीलला एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने मिनिटाला २५ मीटर धरला तर ४० एमएमच्या पिनेला २०० आरपीएम येतात. पार्टिंगला (जॉब कापून वेगळा करताना) त्याच्या निम्म्यावर या आणि टूल नेमकं सेंटरला लावा. सेंटर बघायला, मशीन बंद असताना, टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यात सहा इंची पट्टी हलकेच दाबून धरा. पट्टी सरळ उभी राहिली तर बरोबर. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर.

आता मशीन टिकवण्याबद्दल. लेथ कामाने कमी झिजतो, सॅडलखाली (बेडवर सरकणाऱ्या, टूल वाहणाऱ्या भागाखाली) गेलेल्या किसाने जास्त झिजतो. त्यामुळे हवेच्या पाइपने साफसफाई बंद. हवा कीस वायपरच्या (सॅडलच्या कडेच्या पुसणाऱ्या पट्टीच्या) आत ढकलते, डोळ्यात उडतो तो वेगळाच. ब्रशने झाडा, फडक्याने पुसा, मग ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल द्या. जळकं इंजिन ऑइल चालणार नाही, त्यात काजळी असते. बिडाचं (कास्ट आयर्न) काम सगळ्यात घातक, त्याची भुकटी तेलात मिसळली की लॅपिंग पेस्टच (घासून झिजवणारा लेप) तयार होते. बीड कापण्याआधी बेड कोरडा पुसा, काम झालं की झाडून मगच तेल लावा. पावसाळ्यात संध्याकाळी तेलाचा हात फिरवल्याशिवाय शटर ओढू नका.

हेडस्टॉकचं तेल जुन्या मालकाने कधी बदललं कोण जाणे, त्यामुळे आधी काढून टाका. खाली पितळी कण चमकले तर बुश किंवा गिअर तपासा. नवीन तेल पाटीवरच्या ग्रेडचं, तेल दाखवणाऱ्या काचेच्या मध्यापर्यंत. थंडीत सकाळी कमी स्पीडवर दहा मिनिटं रिकामं चालवा. सॅडल चकाजवळ सैल आणि टेलस्टॉककडे घट्ट लागत असेल तर बेड चकाजवळ झिजलाय. गिब (सॅडलचा ढिलेपणा घालवणारी पट्टी) घट्ट जागी बसेल इतकीच आवळा, नाहीतर तिकडे जाऊन अडकेल.

कुलंट (कापताना सोडायचं तेल-पाणी) बनवताना पाण्यात तेल टाका, तेलात पाणी नाही. पाच ते आठ टक्के पुरतं. बोअरचं पाणी जड असेल तर कुलंट फाटतं आणि वर साय येते, नळाचं वापरा. सुट्टीनंतर टाकीतून कुजका वास आला तर वर तरंगणारं तेल काढा, खालचा गाळ उपसा.

मशीन लेव्हल केल्यावर एक चाचणी घ्या. ४० एमएमचा बार टेलस्टॉकशिवाय १५० एमएम बाहेर काढा, मधला भाग थोडा खाली घेऊन दोन टोकांना कॉलर (जाड कडी) ठेवा. क्रॉस स्लाइड (टूल आडवं सरकवणारी) न हलवता दोन्ही कॉलरवर ०.१ एमएमचा एकच कट मारा आणि मायक्रोमीटर लावा. फरक ०.०२ च्या आत असेल तर ठीक. बाहेरची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडच्या पायाचा तुमच्या बाजूचा बोल्ट किंचित वर घ्या आणि पुन्हा कट मारा. ही चाचणी बरोबर येऊनही दोन सेंटरमध्ये धरलेल्या जॉबला टेपर येत असेल तर बेडला हात लावू नका, टेलस्टॉक आडवा सरकवणारे त्याच्या बाजूचे दोन स्क्रू बघा.