मावा दिसला म्हणून लगेच फवारणी नको
अरे थांब, मावा म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या त्या बारीक किडी दिसल्या तर कडुनिंबाचं तेल, साबणपाणी वगैरे कुंडीत ठीक आहे, पण इथे अ‍ॅक्वापोनिक्समध्ये माशांच्या टाकीचंच पाणी झाडांना फिरवतो, म्हणजे तेच पाणी परत खाली माशांच्या टाकीत जाणार ना, साबणाने कल्ल्यांची वाट लागते. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांच्या खालून धुऊन काढ, पिवळे चिकट सापळे लाव, आणि ते लाल ठिपकेवाले ढालकिडे दिसले तर हात लावू नको, मावा खातात ते.

नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या, हा रोग नाहीये, लोह कमी पडतंय, माशांच्या खाद्यातून ते पुरेसं मिळत नाही. चिलेटेड आयर्न घे, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह, आणि ते रसायन डीटीपीएच असलेलं; ११ टक्के लोहाचं असेल तर ५०० लिटर पाण्याला साधारण ९ ग्रॅम, म्हणजे २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम लोह) झालं. ईडीटीए हे दुसरं रसायन असलेलं स्वस्त मिळतं, पण पाण्याचा पीएच ७ च्या आसपास असेल तर फारसा उपयोग नाही. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर मात्र पोटॅश बघ.