आईची नजर गेली. गोव्यात काही सोय आहे का, की तिला पुण्याला आणू?

तुम्ही लिहिलंय की आई ६६ वर्षांची, पेडण्याला एकटी राहते. मधुमेहाने डोळ्यांचे पडदे खराब झाले, एका डोळ्याने काहीच दिसत नाही, दुसऱ्याने सावल्या दिसतात तेवढंच. डॉक्टर म्हणाले आता करण्यासारखं काही उरलं नाही. गोव्यात अशा माणसांसाठी काही आहे का, की घर बंद करून तिला पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणावं, असा तुमचा प्रश्न.

आणू नका. निदान इतक्यात तरी नको.

मी गोव्यातल्या साखळी गावची. मराठी प्राथमिक शाळेत शिकवायचे. काचबिंदूने ४९व्या वर्षी नजर गेली, त्याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा भावाने मला प्रेमापोटी मुंबईला नेलं. चार महिने मी सोफ्यावर बसून काढले. लिफ्टचं बटण सापडेना, गॅस निराळा, शेजारी कोण ते कळेना. साखळीच्या घरात ओसरीच्या तीन पायऱ्या, माजघराचा उंबरठा, न्हाणीकडचा उतार, सगळं पायांना पाठ होतं. तुमच्या आईकडेही हे आहे. ती एकटी राहते ही काळजी खरी, तिच्यासाठी सकाळ-संध्याकाळ डोकावणारं कोणीतरी ठरवा. पण त्यासाठी घर सोडवू नका.

गोव्यात सोयी आहेत, पण विखुरलेल्या. एका खिडकीवर सगळं मिळत नाही, आणि इस्पितळातून बाहेर पडताना कोणी सांगतही नाही. मला तरी नाही सांगितलं. "घरी न्या" एवढंच.

पहिलं काम दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन होतो, तो तुम्ही पुण्यात बसून भरा. तपासणीला मात्र आईला जावंच लागेल. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ पेडण्याहून जवळ, नाहीतर बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे चांगल्या डोळ्याची नजर, चष्मा लावूनही, ३/६०पेक्षा कमी असली तर ते अंधत्व. म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते आपल्याला तीन मीटरवरूनही दिसत नाही. नजरेचा घेर १० अंशांपेक्षा कमी असला तरीही तेच. हा घेराचा मुद्दा लक्षात ठेवा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मधलं थोडं दिसत होतं, नळीतून बघितल्यासारखं. समोरचं घड्याळ वाचलं आणि तपासणारे म्हणाले, "बाई, तुम्हाला तर चांगलं दिसतंय." दारातून बाहेर पडताना त्यांच्याच स्टुलावर आपटले. पुढच्या वेळी घेराच्या तपासणीचा कागद घेऊन गेले. तुमच्या आईचेही पडद्याचे सगळे जुने कागद सोबत असू द्या.

दाखला किमान ४० टक्क्यांचा असला की बाकीची दारं उघडतात: गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मासिक अर्थसाहाय्य, कदंब बसची सवलत, सरकारच्या योजनेतून पांढरी काठी. आई ज्येष्ठ नागरिक म्हणून आधीच दयानंदचे पैसे घेत असेल, तर दाखला घेऊन समाजकल्याण खात्यात जा आणि गट बदलता येतो का ते विचारा.

संस्थांचं म्हणाल तर फोंड्याजवळ ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठान आहे, पण त्यांचं मुख्य काम मुलांच्या शाळेचं. तुमच्या आईच्या वयाच्या माणसासाठी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या गोवा शाखेकडे आधी विचारा. "काय मदत कराल?" असं मोघम विचारलं की मोघमच उत्तर मिळतं. "काठी घेऊन चालायला घरी येऊन शिकवणारं कोणी आहे का?" असं विचारा. आणि दुसरं: "नजर उतारवयात गेलेल्या एखाद्या बाईशी आईचं बोलणं करून द्याल का?" दुसऱ्या प्रश्नाने मला जास्त दिलं.

का ते सांगते. नजर गेल्यावर सहाएक महिन्यांनी मला मुलं दिसायला लागली. गणवेशातली, ओळीत उभी, खोलीच्या कडेला. आवाज नाही, हालचाल नाही. मी कोणाला सांगितलं नाही, बाईंचं डोकं फिरलं म्हणतील म्हणून. शेवटी वहिनीजवळ तोंडून निघून गेलं. ती म्हणाली देवचाराचं, गावच्या राखणदाराचं काहीतरी असेल, गाऱ्हाणं घालणाऱ्या घाड्याला विचारूया. विचारलंही. नारळ ठेवला, सांगणं झालं, मुलं तिथंच. मग एका ओळखीतून एक गृहस्थ फोनवर आले, स्वतः पंधरा वर्षं अंध. त्यांनी इकडतिकडचं बोलून एकदम विचारलं, "बाई, तुम्हाला नसलेलं काही दिसतं का?" मी रडलेच. त्यांना म्हणे नक्षीच्या जाळ्या दिसायच्या.

याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. बोनेने १७६०मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं. डोळ्यांकडून चित्र येणं थांबलं की मेंदू रिकाम्या जागी आपलीच चित्रं भरतो. हे वेड नाही. बहुतेकांना आपण बघतोय ते खरं नाही हे कळतंही. खोलीत दिवा लावला, डोळे भराभर इकडून तिकडे फिरवले की पुष्कळदा जातं. माझी मुलं वर्षभरात कमी होत गेली. खरं सांगायचं तर शेवटी शेवटी मला त्यांची सवय झाली होती. तुमच्या आईला हे एकदा सरळ विचारा. राखणदाराचं नाव घेऊन ती गप्प बसली असेल. मात्र आवाज ऐकू येत असतील किंवा ती गोंधळत असेल तर ते वेगळं, लगेच डॉक्टरांना दाखवा.

ब्रेलबद्दल तुम्ही विचारलंय. लुई ब्रेलला माझा नमस्कार, पण बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात बोटांची टोकं बधिर होतात, ठिपके लागत नाहीत. आईने हट्ट केला तर शिकवा, नाहीतर फोन. साध्या अँड्रॉइडमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा टॉकबॅक असतो, मराठी आवाजही मिळतो. उजवीकडे बोट सरकवलं की पुढचं वाचतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. पहिला आठवडा वैतागाचा. मी फोन दोनदा पलंगावर आपटला. आता सुगम्य पुस्तकालयातून पुस्तकं ऐकते. हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६मध्ये सुरू झालं, आणि छापील वाचता न येणाऱ्यांसाठीच आहे. पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातही दृष्टिहीनांसाठी वेगळा विभाग आहे. पेडण्याहून रोज जाणं होणार नाही, पण एकदा दाखवा.

पैशांचं भांडण पहिल्या बाजारातच होतं. नव्या नोटा लांबीने वेगळ्या: १००ची १४२ मिलिमीटर, २००ची १४६, ५००ची १५०. चार मिलिमीटरचा फरक घाईत बोटांना कळत नाही, म्हणून मी ५००ची एक घडी घालते, २००ची दोन, १०० सरळ. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं अॅप नोट ओळखून सांगतं, पण मासळी बाजारात ओल्या हाताने फोन कोण काढणार? बँकेत मला आता अंगठाच लावावा लागेल म्हणाले होते. सही येते तर सहीच करायची. चेकबुकसारख्या सोयी नजरेच्या कारणाने नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने २००८मध्ये बँकांना कळवलेलं आहे. हे शांतपणे सांगितलं की व्यवस्थापक बहुतेकदा उठून येतात.

आणि तिचं स्वयंपाकघर काढून घेऊ नका. मिठाच्या बरणीला रबरबँड एक, साखरेच्या बरणीला दोन. पांढऱ्या शितासाठी, म्हणजे भातासाठी, गडद रंगाचं ताट, सावली दिसणाऱ्या डोळ्याला तेवढंही पुरतं. वाढणाऱ्याने घड्याळाप्रमाणे सांगायचं: शीत सहावर, हुमण (माशाची आमटी) बारावर, बांगडा तीनवर. काट्याचं तिचं तिला कळतं. घरातही पायात चप्पल असू द्या, मधुमेहात पायाला लागलेलं कळत नाही आणि आता दिसणारही नाही. इन्सुलिन घेत असेल तर मात्र मात्रा कोणीतरी डोळस माणसाने बघावी. तिला चालवताना दंड धरून ढकलू नका, तुमच्या कोपराच्या वर तिला धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे राहा. चवथीला गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधायच्या वेळी तिला बाजूला बसवाल तर चूक कराल. आमच्याकडे गेली सहा वर्षं माटोळीचा जिन्नस मीच हाताने आणि वासाने निवडून देते, मुलांना त्यातली अर्धी नावंही येत नाहीत.

उरलेल्या डोळ्याची पडद्याची तपासणी आणि साखर सोडू नका. सावल्या म्हणजे पुष्कळ असतं, खिडकी कुठे आहे ते कळतं.

चवथीनंतर चार दिवस तिला पुण्याला नक्की आणा. दाखल्यावर दृष्टी पूर्ण गेल्याची नोंद झाली तर रेल्वेत स्लीपरला आणि थर्ड एसीला ७५ टक्के सवलत मिळते, सोबत्यालाही तेवढीच. सवलत मिळो न मिळो, परतीचं तिकीट त्याच वेळी काढून ठेवा.